मिठाच्या गोण्यांचा हिशेब: सॉल्ट क्लोरिनेटरच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जलतरण तलावात क्लोरीनची पूड टाकली जात नाही. मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र, म्हणजे सॉल्ट क्लोरिनेटर, बसवलेले आहे. संस्थेचा खजिनदार या नात्याने त्याची बिले माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यानंतर देखभालीच्या ठेकेदाराने या एका यंत्राच्या नावावर आमच्याकडून तीन प्रकारे पैसे उकळले. असे यंत्र असलेल्या इतर सोसायट्यांना आणि बंगलेमालकांना उपयोग व्हावा, म्हणून तपशील देत आहे.

यंत्रात महागडे भाग दोनच: भिंतीवरचा कंट्रोल बॉक्स आणि क्लोरीन प्रत्यक्ष तयार करणारा, पाइपमध्ये बसवलेला सेल. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. हा लेप झिजला की सेल संपला. तो साधारणपणे तीन ते सात वर्षे टिकतो. मात्र पाण्यातील मीठ कमी झाले, पट्ट्यांवर क्षार चढला किंवा लेप गेला, तरी बऱ्याच यंत्रांवर ‘मीठ कमी’ हाच इशारा येतो, कारण ती सेलमधून वाहणाऱ्या विजेवरून मिठाचा अंदाज बांधतात. नेमके येथेच ठेकेदाराचे फावते.

पावसाळ्यात तलाव भरून वाहतो आणि मीठ खरोखरच कमी होते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये यंत्रावर मिठाचे प्रमाण २,२०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) दिसले तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटले नाही. ठेकेदाराने २५ किलोच्या १२ गोण्यांचे, म्हणजे ३०० किलो मिठाचे बिल लावले. आमच्या तलावात १,२०,००० लिटर पाणी मावते आणि दर लिटरला एक ग्रॅम मीठ म्हणजे १,००० पीपीएम. म्हणजे ३०० किलोंनी २,५०० पीपीएमची वाढ व्हायलाच हवी होती. क्षार चढलेला सेल मीठ आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, जास्त नाही, तेव्हा प्रत्यक्ष आकडा ४,७०० च्या खाली असणे शक्यच नव्हते. मीठ पाण्याबरोबर वाफ होऊन उडत नाही. ते गळती, बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे) किंवा ओसंडणारे पाणी यांतूनच जाते आणि त्या काळात यांपैकी काहीही घडलेले नव्हते. तरीही स्वतंत्र मीटरने मोजल्यावर ३,१०० पीपीएमच भरले. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत गोण्यांची आवक होती चार. दोन्ही हिशेब एकमेकांशी जवळपास जुळतात.

मीठ घालूनही इशारा जात नाही, हे कारण सांगून ठेकेदाराने सेल ‘तपासणीसाठी’ नेला, तो मेल्याचे जाहीर केले आणि चकचकीत ‘नवा’ सेल बसवून ३८,००० रुपयांचे बिल दिले. बिलावर अनुक्रमांक नव्हता. दिवाळीनंतर तोच इशारा पुन्हा आला, तेव्हा दुसऱ्या कारागिराला बोलावले. त्याने सेल उघडताच जोडाच्या कडेच्या भेगेवर एम-सीलचा जुना थर दिसला. ती भेग पूर्वी आमच्याच प्लंबरने बुजवली होती. आमचाच सेल आम्लात धुऊन, नवे स्टिकर लावून आम्हाला विकला होता!

बोअरच्या जड पाण्यामुळे आमच्या सेलवर फक्त क्षार चढला होता आणि त्यावर काही शे रुपयांचा उपाय पुरेसा होता. सेल काढून सौम्य केलेल्या म्युरिॲटिक ॲसिडमध्ये (हायड्रोक्लोरिक आम्लात), फेस थांबेपर्यंत, थोडा वेळ ठेवायचा असतो; द्रावण करताना पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीच नाही. ठेकेदार महाशयांनी तो बहुधा तीव्र आम्लात बुडवला, कारण आता काही पट्ट्यांवरचा लेप खरोखरच गेला आहे. पैसे घेऊन त्यांनी चांगला सेल खराब करून दिला.

तिसरा प्रकार पैशाने सर्वांत लहान, पण मला सर्वांत गंभीर वाटतो. फ्लो स्विच (पाण्याचा प्रवाह ओळखणारा स्विच) बदलल्याचे बिल होते. प्रत्यक्षात त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहते असेपर्यंत तो निघून जातो, पण पंप बंद असताना सेल चालू राहिला तर वायू आत साठतो आणि स्फोट होऊ शकतो. पाणी थांबले की वीज तोडणे हेच त्या स्विचचे काम असते. ज्या तलावात लहान मुले पोहतात, तेथे हे केले गेले.

आता समितीने ठरवले आहे की मीठ आमच्या माणसासमोरच पाण्यात पडेल, काढलेला जुना भाग संस्थेकडेच राहील, सेल काढण्यापूर्वी व बसवण्यापूर्वी त्याच्या पट्ट्यांची छायाचित्रे घेतली जातील आणि अनुक्रमांक व वॉरंटी कार्ड नसलेले बिल मंजूर होणार नाही. ठेकेदाराला नोंदवहीची प्रत व छायाचित्रे जोडून लेखी नोटीस दिली, तेव्हा सेलचे पैसे परत आले. मीठ आणि स्विच यांबाबत तो अजून हात वर करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा तयार आहे.