गोचीडताप: अ‍ॅडमिट करायचं की घरी सलाईन लावायचं?

आमच्या कुत्रीच्या, ठमीच्या, नाकातून रक्त आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आधी फरशीवर दोन थेंब दिसले, आईला वाटलं बिटाची कोशिंबीर सांडली, मग ठमी शिंकली आणि भिंतीवर हे एवढे शिंतोडे. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. ज्यांनी कुत्री सांभाळलीयत त्यांना पुढचं सांगायला नको, गोचीडताप. दोन-तीन आठवड्यांपूर्वी कानामागून एक गोचीड काढली होती, काढली, टाकली आणि विसरलो.

डॉक्टरकडे न्यायचं यात प्रश्नच नव्हता. प्रश्न येतो तो दुसऱ्या दिवशी, की पुढचे चार-पाच दिवस तिथेच ठेवायचं की घरी आणायचं. मी दोन्ही केलंय. दोन रात्री चोवीस तास चालणाऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव नको) आणि नंतरचे दिवस घरी, आमच्या कोथरूडच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या भरवशावर. औंधला जनावरांचं सरकारी सर्वचिकित्सालय आहे हे माहीत होतं, पण रात्री अकराला ते डोक्यातही आलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

पहिल्या रात्रीसाठी मोठं हॉस्पिटल, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. ताप 104.8 होता (कुत्र्याचा नॉर्मल 101 ते 102.5 असतो, हे शेजारच्या काकांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात थर्मामीटर बिघडलाय), प्लेटलेट 18 हजार, जिथे दोन लाखाच्या वर पाहिजेत, आणि पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) 19. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात हातात आलं, रक्ताची स्लाईड तिथल्या तिथे बघून झाली, किटवर एर्लिकिया (गोचिडीतून येणारा, या तापाचा जंतू) पॉझिटिव्ह आलं, आणि एवढ्या रात्री गल्लीतल्या क्लिनिकात हे होणं अवघडच. पीसीव्ही पंधराच्या खाली गेला तर रक्त चढवू म्हणाले, डोनर बघून ठेवा, पंचवीस किलोच्या वरचा, तरणा, लसी झालेला. रात्री एकला एका मित्राला फोन केला, तो बिचारा आपला लॅब्रेडॉर घेऊन आला आणि पहाटे चारपर्यंत दोघं पार्किंगमध्ये बसून होते. शेवटी गरज पडली नाही, पण ती सोय डोक्यावर छत्री असल्यासारखी होती, हे मान्य केलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दोन रात्री, टेस्ट धरून, वीस हजाराच्या थोडे आत. घरी डॉक्टर यायचे त्याचे दिवसाला नऊशे, औषधं वेगळी. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. पण खरं सांगायचं तर पैशावरून आमचा निर्णय झालाच नाही.

निर्णय झाला तो शूवरून.

ठमी आम्हाला पौडच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीमागे सापडली, तारेने बांधलेली. गळ्यावर अजून तो केस न येणारा पट्टा आहे. घरी आल्यावर दोन महिने साखळीचा आवाज झाला की सोफ्याखाली. पण एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकली आणि कायमची, की जिथे झोपायचं तिथे शू करायची नाही. नुसतं घराबाहेर नाही, मातीतच पाहिजे. सोसायटीचं पार्किंग नको, गच्ची नको, गेटाबाहेर गुलमोहराखाली जी हातभर माती आहे ती पाहिजे. पावसाळ्यात छत्री घेऊन मी उभा आणि बाईसाहेब जागा निवडतायत, हे सगळ्या सोसायटीने बघितलंय.

आता हॉस्पिटलात पिंजरा. स्वच्छ, स्टीलचा, खाली पॅड, तक्रार करावी असं काही नाही. वॉर्डबॉय सकाळ-संध्याकाळ फिरवायचे, पण कुठे तर मागच्या काँक्रीटच्या रॅम्पवर. आम्हाला भेटायची वेळ दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. सलाईन तर चालूच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तर ती उठून उभी राहिली, शेपूट नाही हलवली, नुसती दाराकडे बघत मागचे पाय जुळवून उभी. मी विचारलं हिने शू कधी केली? ड्युटीवरचे डॉक्टर नवे होते, त्या दोन दिवसांतले चौथे, त्यांनी फाईल उघडली, तिथे लिहिलं होतं 'नॉर्मल'. मी म्हटलं नॉर्मल म्हणजे किती वाजता, कोणत्या रंगाची? कोणालाच सांगता येईना. हातापाया पडून तिला सलाईनसकट गेटाबाहेर नेलं, मी बाटली डोक्यावर धरलेली, तिथे झाडाच्या आळ्यात ती बसली ती एक मिनिटभर उठेचना. सकाळपासून धरून ठेवली होती तिने. मला तिथेच रडू आलं, वॉचमन बघत होता तरी.

कोणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीचं काय. एक तर गोचीडतापात शूचा रंग बघावाच लागतो. काळ्या चहासारखी झाली तर बबेसिया (गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू) पण आहे का ही शंका घ्यायची, आणि त्याचं औषध वेगळं. म्हणजे ज्या गोष्टीवर नजर हवी तीच फाईलमध्ये कोणीतरी अंदाजाने भरलेली. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, वीस-बावीस जनावरं आणि दोन माणसं, होतं असं. पण माझं मन उठलं ते उठलं. त्याच रात्री नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले सकाळचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघू, प्लेटलेट खाली जात नसतील आणि रक्त थांबलं असेल तर आणा घरी, मी येतो. सकाळी प्लेटलेट 31 हजार. आणली.

घरचं म्हणजे काही सुखाचा मामला नाही, हेही सांगतो. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडी खाली घेतली, तिला बाटली टांगली, खाली ठमीची गोधडी. आई थेंब मोजायला बसायची, मनातल्या मनात जप केल्यासारखे ओठ हलवत, आणि सलाईन अडलं की स्वयंपाकघरात मला हाक. डॉक्टर क्लिनिक बंद करून रात्री साडेनऊला स्कूटरवर यायचे. एक दिवस ते साताऱ्याला लग्नाला गेले तर कंपाउंडर आला, त्याला शीर मिळेना, पाय सुजला. रात्री दोनला काही झालं तर तुम्ही एकटेच. मी चार दिवस रजा टाकली. ज्यांना ते जमत नाही, किंवा घरात कोणी बसणारं नाही, त्यांनी उगाच भावनेच्या भरात आणू नये. उलट्या थांबत नसतील, श्वास लागत असेल, रक्त चालू असेल तर तर नाहीच.

पण घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने उकडलेली चिकनची कलेजी खाल्ली, जिने हॉस्पिटलात दोन दिवस वास सुद्धा घेतला नव्हता. आता ते औषधाने की गुलमोहराने, मला सांगता येणार नाही. तापही तिथेच उतरायला लागला होता, त्यामुळे श्रेय एकट्या घराला देणं बरोबर नाही. तरी पण परत वेळ आली (नको येऊ दे) तर मी पहिली रात्र तिकडे आणि रक्त थांबलं की घर, असंच करीन. घाबरट, पूर्वी मार खाल्लेलं कुत्रं असेल तर जास्तच. लहानपणापासून घरातलं, कुठेही टाकलं तरी झोपणारं लॅब असेल तर कदाचित माझं मत वेगळं असतं.

डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, गोचीडतापावरची अँटिबायोटिक) मात्र पूर्ण 28 दिवस, चौथ्या दिवशी उड्या मारायला लागली तरी. आणि रिकाम्या पोटी अजिबात नाही, एकदा आम्ही दिली आणि सगळी गोधडी धुवावी लागली. ताप आहे म्हणून माणसाची पॅरासिटामॉल अर्धी करून द्या सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. पपईच्या पानांचा रस आमच्याकडे पण तीन जणांनी आणून दिला, तो तुळशीला गेला.

आणि हो, घरी आणायचं ठरलं तर डिस्चार्जच्या वेळी पायातला इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी) काढू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. ते सवयीने काढतात, आमचा काढलाच, आणि मग घरी पहिल्या दिवशी पुन्हा नवी शीर शोधावी लागली.