ओव्हरक्लॉकिंगच्या नावाखाली प्रोसेसरच बदलला

नागपुरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाने ओव्हरक्लॉकिंग करून देतो, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवून देतो, म्हणून माझ्याकडून साडेचार हजार रुपये घेतले आणि मशीन परत दिलं तेव्हा आतला प्रोसेसर माझा नव्हता. महागातला काढून घेतला, त्याच सॉकेटमध्ये बसणारा स्वस्तातला लावला आणि स्क्रीनवर नाव मात्र जुनंच दिसेल अशी सोय करून ठेवली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हा प्रकार नेमका कसा केला जातो, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडे कितीतरी पोरं कॉलेजच्या पहिल्या वर्षी पै-पै जमवून पीसी बांधतात आणि असल्याच जाहिरातींच्या मागे जातात.

मी घरूनच लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. मशीन भाच्याच्या मदतीने सुटे भाग आणून जोडलेलं होतं. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ १२६००के, बोर्ड झेड६९०. यातला 'के' महत्त्वाचा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात के असतो त्यांचाच गुणक, म्हणजे वेग ठरवणारा मल्टिप्लायर, खुला असतो आणि तो वाढवायला बोर्डही झेड मालिकेतला लागतो. बी६६० किंवा एच६१० बोर्डावर के प्रोसेसर लावला तरी गुणक वाढवता येत नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरमध्ये गुणकाला कुलूप नसतं, पण तिथेही ए३२०, ए५२०, ए६२० या बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंग चालत नाही. माझ्याकडे दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. लग्नसराई तोंडावर होती आणि रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला, लागणारा वेळ थोडा कमी झाला तर हवाच होता.

दुकानदार बोलायला गोड. "ताई, तुमचं मशीन तर भारीच आहे, पण झोपून राहिलं ते. साडेपाच गिगाहर्ट्झवर नेऊन देतो." मग तो स्ट्रेस टेस्टबद्दल बोलला. वेग वाढवला की मशीन तासन्‌तास पूर्ण भारावर चालवून बघावं लागतं, नाहीतर ऐन कामाच्या वेळी निळी स्क्रीन येते, म्हणून रात्रभर दुकानातच ठेवावं लागेल, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. प्राइम९५, ओसीसीटी, सिनेबेंच हे प्रोग्राम लोक त्यासाठीच चालवतात. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचाच. जी काळजी प्रत्येक नवशिक्याने घ्यायला हवी, तिचंच नाव पुढे करून त्याने मशीन रात्रभर ताब्यात घेतलं. पावतीवर लिहिलं 'पीसी ट्यूनिंग'. आत कुठला प्रोसेसर आहे याचा उल्लेख नाही.

मशीन घरी आलं. विंडोजच्या सिस्टिम माहितीत प्रोसेसरच्या नावापुढे '५.५० गिगाहर्ट्झ' दिसत होतं. सोबत एक सूचनाही होती: सेटिंग कोणी छेडू नये म्हणून बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या पानांना, पासवर्ड लावला आहे, तो दुकानातच राहील.

पहिल्याच लग्नाचं फुटेज टाइमलाइनवर टाकलं तेव्हा ते अडखळायला लागलं. कॅमेरा दहा बिट ४:२:२ या जास्त रंग टिपणाऱ्या प्रकारात शूट करतो. असं एचईव्हीसी पद्धतीने दाबून साठवलेलं फुटेज उलगडण्याचं काम १२६००के मधला अंगचा ग्राफिक्स भाग सहज करतो, क्विक सिंक म्हणतात त्याला. बाहेरून लावलेल्या बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना ते जमत नाही, माझ्याही नाही. आधी लोण्यासारखं सरकणारं फुटेज आता वरमालेच्या प्रसंगात थांबत थांबत चाललेलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "ओव्हरक्लॉक नवीन आहे ना ताई, सेट व्हायला आठवडा लागते." हे साफ खोटं आहे. चिप वापरून वापरून सेट होत नसते. लावलेल्या वेगावर ती पहिल्या मिनिटापासून नीट चालते किंवा चालत नाही.

रविवारी भाचा आला. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सचं पान लावलं. वर उजव्या कोपऱ्यात नाव तेच, १२६००के. खाली मात्र कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, ६ आणि लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे थ्रेड, १२. तो स्क्रीनकडे बघतच राहिला. "मावशी, याच्यात तर दहा कोअर पाहिजे. हे सहाच दाखवून राहिलं." १२६००केमध्ये सहा मोठे आणि चार छोटे असे १० कोअर आणि १६ थ्रेड असतात. रेंडर चालू केलं तर वेग ४ गिगाहर्ट्झच्या वर जाईना. साडेपाचचा कुठे पत्ताच नाही.

मग त्याने सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम चालवला. विंडोज स्क्रीनवर जे नाव दाखवतं ते रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, एका नोंदीतून उचलतं, आणि ती नोंद कोणालाही हवी तशी बदलता येते. सीपीयू-झेड थेट चिपलाच विचारतो. तिथे नाव आलं: कोअर आय-५ १२४००एफ. रजिस्ट्रीतली ती नोंद मशीन सुरू होताना दर वेळी नव्याने तयार होते, म्हणजे एकदा बदलून भागत नाही. म्हणून भाच्याने ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा विंडोजमधला टास्क शेड्यूलर उघडला. तिथे 'सिस्टिम ऑप्टिमायझर' अशा साळसूद नावाचं एक काम लावलेलं होतं आणि त्याच्यामागे दोन ओळींची फाइल. लॉगिन झालं की ती फाइल नावाच्या जागी '१२६००के, ५.५० गिगाहर्ट्झ' हा मजकूर लिहून ठेवायची. साडेचार हजारांचं ओव्हरक्लॉकिंग ते एवढंच.

बायोसचा पासवर्ड कशासाठी होता तेही मग कळलं. बायोस विंडोजच्या नोंदी वाचत नाही, ते चिपचं खरंच नाव दाखवतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवला तेव्हा पासवर्ड उडाला आणि पहिल्याच पानावर १२४००एफ दिसलं. शेवटी कूलर काढला, थर्मल पेस्ट पुसली. धातूच्या झाकणावर लेझरने कोरलेली अक्षरं स्वच्छ होती. ज्यांचा प्रोसेसर अंगच्या ग्राफिक्सचा आहे त्यांच्यासाठी एक सोपी तपासणी आहे: मशीन बंद करून ग्राफिक्स कार्ड काढा आणि मॉनिटरची वायर बोर्डाला लावा. इंटेलच्या नावात एफ असलेल्या प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे स्क्रीन काळीच राहते.

आता साडेपाचच्या आश्वासनाबद्दल, कारण पोरं त्यालाच भुलतात. वेगाचं गणित सरळ आहे. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, त्याला गुणक ४९ लावला की ४.९ गिगाहर्ट्झ. १२६००के कारखान्यातूनच एखाद-दुसऱ्या कोअरवर ४.९ पर्यंत जातो. सगळ्या मोठ्या कोअरना चांगल्या कूलरवर पाच किंवा त्याच्या जरा पुढे नेता येतं. साध्या हवेच्या कूलरवर साडेपाच कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथेच उठून निघावं. १९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए लोक बसचा, म्हणजे मूळ घड्याळाचा, वेग ६६ वरून १०० करून ४५० वर चालवत, तो काळ गेला. आजचे प्रोसेसर स्वतःच आपल्या मर्यादेच्या जवळ धावतात आणि हाताने मिळणारा फायदा थोडाच उरतो. तसं पाहिलं तर फसवणूकही तेव्हापासूनची आहे. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा आकडा छापून विकायचे, आणि गुणकाला कुलूप लागण्यामागे तेही एक कारण होतं.

ज्याला शिकायचंच आहे त्याने घरी शिकावं. पैसे लागत नाहीत. इंटेलचं एक्सटीयू आणि एएमडीचं रायझन मास्टर हे वेग वाढवायचे प्रोग्राम फुकट आहेत, कोणी 'लायसन्स'चे पैसे मागत असेल तर तो लुबाडतो आहे. गुणक एकेक पायरीने वाढवायचा, प्रत्येक पायरीला स्ट्रेस टेस्ट लावायची आणि एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून तापमान बघायचं. १२६००के १०० अंशांवर स्वतःहून वेग कमी करतो. नवशिक्याने ८५ च्या आसपास थांबलेलं बरं. व्होल्टेजला तर फार जपून हात लावावा. उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढवलं की उष्णता २१ टक्के, वेग वाढल्याची वेगळी. जास्तीचं व्होल्टेज चिपला कसं पोखरतं ते २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये त्यामुळे बिघाड होत असल्याचं कंपनीनेच मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे तर मालकाने हातही लावलेला नव्हता. हाताने वेग आणि व्होल्टेज वाढवलं तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही आधीच धरून चालावं.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरच्या रात्री २० अंशांच्या खोलीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत ३८-४० असताना जवळपास तेवढ्याच फरकाने वर चढते. म्हणजे हिवाळ्यात ७५ वर स्थिर असलेला प्रोसेसर नवतपात नव्वदी ओलांडतो. आणि खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. त्या ओलाव्याने आतली धूळ बोर्डावर चिकटून बसते.

दुकानात आम्ही सगळे स्क्रीनशॉट घेऊन गेलो. आधी "तुम्हीच बाहेर कुठे बदलून आणला असंल", मग "मशीन ठेवून जा, चेक करून देतो", आणि शेवटी आवाज चढवून "धंद्याचं मशीन आहे, ग्राहक कोर्टात नाही जाता येत तुम्हाला." यातलं शेवटचं वाक्य ऐकून कितीतरी लोक गप्प बसत असतील, म्हणून स्पष्ट लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी वापर वगळला आहे खरा, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. घरी एडिटिंग करणारी मी ग्राहकच आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग लेखी नोटीस पाठवली आणि उत्तर आलं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. पोलिसांतही अर्ज दिला आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्यासाठी कलम ३१६.

माझ्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो मूळ खोक्याचा. इंटेलच्या बॉक्सवरच्या लेबलवर चिपचा बॅच नंबर आणि अनुक्रमांक असतो आणि झाकणावरही बॅच नंबर कोरलेला असतो. मशीन जोडताना भाच्याने सॉकेटमधल्या प्रोसेसरचा फोटो काढला होता. त्यातला नंबर खोक्याशी जुळतो आणि आत्ता बसवलेल्या चिपशी जुळत नाही. म्हणून खोकी फेकू नका, कितीही जागा अडली तरी. मशीन कुठेही दुरुस्तीला द्यायचं तर प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डाची नावं आणि नंबर जॉबशीटवर लिहून, शिक्का मारून घ्या. लिहून द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर मशीन तसंच उचलून घरी आणा. घेताना तिथेच, त्यांच्यासमोर बायोस उघडून नाव वाचा. पासवर्ड लावू देऊ नका. प्रामाणिक कारागिराला यातल्या कशाचाच राग येत नाही. आता मी ज्याच्याकडे जाते तो धरमपेठेतला मुलगा स्वतःच म्हणतो, "फोटो काढून घ्या ताई, आपलं दोघांचंही बरं."

ज्यांनी असं 'ट्यूनिंग' किंवा 'बूस्ट'चं पॅकेज घेतलं आहे त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून आजच कोअर मोजावेत. १२६००के असेल तर १० आणि १६, १२७००के असेल तर १२ आणि २०, १३६००के असेल तर १४ आणि २० दिसायला हवेत. कोअरची संख्या जुळली तरी सीपीयू-झेडमध्ये नाव बघून घ्या, कारण सारख्याच कोअरचे वेगवेगळ्या किमतीचे प्रोसेसर असतात. आणि फरक सापडला तर लगेच दुकानात फोन करू नका. आधी स्क्रीनचे फोटो, टास्क शेड्यूलरमधल्या कामाचा फोटो आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मग लेखी तक्रार करा. ते "चेक करून देतो" म्हणून बोलावतील, कारण आतली फाइल त्यांना पुसायची असते. मशीन त्यांच्या हातात पुन्हा देऊ नका.