युनायटेड, चेल्सी की लिव्हरपूल? क्लब धरण्याआधी एका वैतागलेल्या युनायटेडवाल्याचं ऐका

इंग्लंडमधली फुटबॉलची प्रीमियर लीग नव्याने बघायला लागलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: कुठला क्लब धरू? उत्तर देणारा बहुतेक वेळा आपलाच क्लब पुढे करतो. माझी ती सोय नाही. माझा क्लब मँचेस्टर युनायटेड, आणि २०१३ नंतर तो कुणाच्या गळ्यात मारावा अशा लायकीचा राहिलेला नाही.

कोल्हापुरात हा प्रश्नच पडत नाही म्हणा. तिथे पेठ ठरली की तालीम, म्हणजे तिथला फुटबॉल क्लब, ठरली. पाटाकडीलच्या पोराला दिलबहारचा झेंडा धर म्हणून सांगायची कुणाची टाप आहे? इंग्लंडच्या क्लबांशी आपलं तसं काही नातं नाही, आपण निवडूनच जातो. तर मग नीट चौकशी करून जा.

चौकशी म्हणजे ट्रॉफ्या मोजणं नव्हे. लीगची विजेतेपदं युनायटेडची २० आणि लिव्हरपूलचीही २०. त्यावरून येती पाच वर्षं कशी जातील याचा काडीचाही अंदाज येत नाही. मी दोनच गोष्टी बघतो: खेळाडू कोण निवडतं, आणि मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, हाकललं की त्याने आणलेल्या खेळाडूंचं पुढे काय होतं. या दोन प्रश्नांवर तिन्ही क्लब शेजारी शेजारी ठेवून बघू.

खेळाडू कोण निवडतं?

युनायटेडमध्ये याचं खरं उत्तर बरीच वर्षं ‘कुणीच नाही’ असं होतं. २०१३ मध्ये मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. क्लब त्या दोघांच्या डोक्यात चालायचा. कागदावर काही नव्हतं, त्यामुळे मागे काही उरलंही नाही. नव्या कारभाऱ्यांनी पहिल्याच विंडोत, म्हणजे खेळाडू घ्यायच्या-विकायच्या ठरलेल्या मुदतीत, काय केलं ते बघा. एव्हर्टनच्या फेलाइनीच्या करारात अट होती, जुलै संपेपर्यंत तो २ कोटी ३५ लाख पौंडांत मिळू शकत होता. आमचे लोक थांबले, बाकीच्या खेळाडूंच्या मागे धावले, कुणीच हाती लागलं नाही, आणि विंडोच्या शेवटच्या दिवशी तोच फेलाइनी २ कोटी ७५ लाखांना आणला. ४० लाख पौंड निव्वळ उशिराचा दंड. तेव्हा हसलो होतो. पुढे ही क्लबची रीतच होऊन बसली.

मग प्रत्येक मॅनेजरने आपापली माणसं मागितली. व्हॅन गालच्या वेळी डी मारिया ५ कोटी ९७ लाखांना आला आणि वर्षभरात पॅरिसला गेला. मोरिन्योच्या वेळी पोग्बा ८ कोटी ९० लाखांना आला. हाच पोग्बा २०१२ मध्ये आमच्या अकादमीतून किरकोळ भरपाईवर युव्हेंटसला गेला होता, आणि २०२२ मध्ये करार संपवून पुन्हा तिकडेच फुकटात गेला. सोलशायरच्या वेळी मग्वायर ८ कोटींना. टेन हागच्या वेळी ‘माझ्या जुन्या आयाक्सचा का? मग आणा’ असा खाक्या: मार्तिनेझ, आंतोनी, ओनाना, पुढे डे लिख्त आणि मझरावी. आंतोनीचे ८ कोटींवर मोजले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम आला, त्याची पद्धत ३-४-३, म्हणजे मागे तिघेच बचावपटू, आणि अख्ख्या स्क्वॉडमध्ये धड विंगबॅक, म्हणजे कडेने मागे-पुढे धावणारा गडी, नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नवीन भागीदार जिम रॅटक्लिफ यांनी हे सुधारायचं म्हणून न्यूकासलशी महिनोन्महिने घासाघीस करून डॅन ॲशवर्थ यांना क्रीडा संचालक म्हणून आणलं. जुलै २०२४ मध्ये ते रुजू झाले आणि डिसेंबरात बाहेर. त्याच उन्हाळ्यात टेन हागचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यालाही काढलं. या दोन निरोपांची भरपाई मिळून जवळपास दीड कोटी पौंड झाली. त्याच सुमारास क्लब काटकसर म्हणून कार्यालयातल्या माणसांच्या नोकऱ्या कापत होता. मला चीड हरण्याची नाही येत, याची येते.

लिव्हरपूलचं उत्तर आज सरळ आहे, पण तेही त्यांना सुखासुखी मिळालेलं नाही. २०१० मध्ये आताच्या अमेरिकी मालकांनी क्लब ३० कोटी पौंडांना घेतला. ३१ जानेवारी २०११ ला टोरेस ५ कोटींना चेल्सीला गेला आणि त्याच दिवशी दोन स्ट्रायकर आले: सुआरेझ साधारण २ कोटी ३० लाखांना आणि अँडी कॅरल साडेतीन कोटींना. स्वस्तातला सोनं निघाला, महागातला पितळ. पुढे खरेदीसाठी समिती केली, तर समिती आणि मॅनेजर रॉजर्स यांचं जमेना. २०१५ मध्ये फिर्मिनो समितीच्या पसंतीचा आणि बेंटेके मॅनेजरच्या पसंतीचा, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. बेंटेके वर्षभरात विकला. फिर्मिनो आठ वर्षं राहिला आणि त्याच्याभोवती संघ उभा राहिला.

खरा फरक पडला तो मॅनेजर म्हणून क्लॉप आल्यावर, आणि मायकेल एडवर्ड्सच्या हाती खरेदी गेल्यावर. सालाहच्या वेळी क्लॉपच्या मनात ब्रांट होता, आकडे मांडणाऱ्यांनी सालाहचा आग्रह धरला आणि क्लॉपने ऐकलं. मॅनेजरने ऐकलं, हे महत्त्वाचं. मग जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्योला बार्सिलोनाला विकून आलेल्या पैशाच्या जोरावर व्हॅन डाइक आणि अलिसन आले. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग. आमच्याकडे पोग्बा विकून कोण आला असता, याचा विचारही करवत नाही.

चेल्सीत खेळाडू कोण निवडतं? निवडणारी माणसं आहेत, चांगली आहेत, त्यातली काही ब्रायटन या दुसऱ्या इंग्लिश क्लबमधून उचललेली आहेत. अडचण एवढीच की ती थांबत नाहीत. २०२२ मध्ये अब्रामोविच यांच्याकडून क्लब अडीच अब्ज पौंडांना गेला, आणि नव्या मालकांनी पुढच्या काही विंडोत एक अब्ज पौंडांच्या वर खर्च केला. एन्झो १० कोटी ६८ लाख, कायसेडो साडेअकरा कोटींच्या घरात. हा कायसेडो ब्रायटनने इक्वाडोरमधून साधारण ४० लाखांना आणला होता. नीट वाचा: ४० लाखांचे साडेअकरा कोटी. शहाणपण विकत घेता येतं, असं चेल्सीने ठरवलं आहे. ब्रायटनचा मॅनेजर घेतला, माणसं घेतली, खेळाडूही घेतले.

हिशेबाची वही

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण नव्या प्रेक्षकाला हा कळला की निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात.

खेळाडूची किंमत क्लब वहीत एकदम दाखवत नाही, कराराच्या वर्षांत वाटून दाखवतो. १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला २ कोटी, आठ वर्षांच्या करारावर घेतला तर सव्वा कोटी. चेल्सीने आठ-आठ, साडेआठ वर्षांचे करार वाटले ते यासाठी. २०२३ मध्ये आधी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, आणि मग प्रीमियर लीगने ही वाटणी पाच वर्षांवर आणून ठेवली. पण झालेले करार झाले.

दुसरी गोम अकादमीची. घरच्या पोराची वहीतली किंमत शून्य, त्यामुळे तो विकला की आलेला पैसा सगळाच्या सगळा नफा. तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटींच्या वर तोटा चालणार नाही, या २०२५-२६ पर्यंतच्या नियमाच्या काचात सापडलेला क्लब मग सगळ्यात आधी घरचं पोर विकायचा. चेल्सीने गॅलाघरला असाच ॲटलेटिको माद्रिदला धाडला, जो लहानपणापासून तिथे होता आणि आदल्या मोसमात कितीतरी सामन्यांत कर्णधार होता.

आणि आम्ही मॅकटॉमिनेला. ही जखम जरा उघडून दाखवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तो साधारण अडीच कोटींना नापोलीला गेला. आमच्याकडचं म्हणणं असं की त्याची नक्की जागाच सापडत नाही. २१ मे २०२५ ला बिल्बाओत युरोपा लीगची फायनल. समोर टॉटनहॅम, जे लीगमध्ये सतराव्या स्थानी होते, आणि आम्ही त्यांच्याशीही ०-१ हरलो. दोन दिवसांनी नापोलीचा कालियारीशी शेवटचा सामना, जिंकले तर विजेतेपद. क्रॉस आला, मॅकटॉमिने हवेत आडवा झाला आणि सिझर किकने गोल. दुसरा गोल लुकाकूचा, म्हणजे तोही आमच्याकडून हाकललेलाच, आणि पुढे चेल्सीनेही ९ कोटी ७५ लाखांना घेऊन वाऱ्यावर सोडलेला. नापोली २-०, इटलीचे विजेते, आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू मॅकटॉमिने. त्या मोसमात युनायटेड लीगमध्ये पंधरावे होते, ४२ गुण, १८ पराभव.

लिव्हरपूल या पापातून सुटलेलं नाही. अलेक्झांडर-आर्नल्ड म्हणजे शहरातलाच मुलगा, त्याचा करार सरत आला तरी घोंगडं भिजत ठेवलं, आणि तो थोडक्या पैशात रिआल माद्रिदला गेला. विकला असता तर निदान किंमत आली असती.

मॅनेजर गेल्यावर

इथे मात्र तुलना करवत नाही. २०२४ मध्ये क्लॉप गेला, स्लॉट आला. लिव्हरपूलला मिडफिल्डसाठी सुबिमेंदी हवा होता, त्याने नाही म्हटलं. तेव्हा आमच्यासारखं दुसऱ्या कुणाच्या तरी मागे न लागता त्यांनी आहे त्या ग्रावेनबर्खला मागे खेळवलं. त्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष संघात आला तो एकटा किएसा, साधारण एक कोटीला. एप्रिल २०२५ मध्येच लिव्हरपूल विजेते.

चेल्सीत २०२२-२३ च्या एका मोसमात टुखेल गेला, पॉटर आला आणि गेला, लॅम्पार्ड हंगामी आला, आणि संघ बारावा. पण तिथे मॅनेजर गेल्याने खेळाडूंचं फारसं बिघडत नाही, कारण ते मॅनेजरसाठी घेतलेलेच नसतात. याचा फायदा नंतर दिसला: मारेस्काच्या हाती २०२५ मध्ये कॉन्फरन्स लीग आली, आणि जुलैत क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पॅरिसला ३-० धुतलं, त्यात दोन गोल पामरचे. पामर त्यांनी मँचेस्टर सिटीकडून ४ कोटींना आणला होता. इतका माल उचलल्यावर एखादा पामर निघणारच, असं मी म्हणतो खरा, पण त्यात थोडी जळजळ आहे.

युनायटेडमध्ये मॅनेजर गेला की मागे राहतो तो मागच्यांचा उरलासुरला संसार: एकाने आणलेला बचावपटू, दुसऱ्याचा मिडफिल्डर, तिसऱ्याचा विंगर, आणि पगार एवढे की दुसरा कुणी घ्यायला तयार नाही. सांचेझला दीड वर्षात इंटरला लोनवर पाठवलं, तेव्हाही त्याच्या पगाराचा मोठा वाटा आम्हीच भरत होतो.

मग धरू कुणाला?

कारभारात डोकं दिसावं आणि अधूनमधून लीगही जिंकावी असं वाटत असेल, तर लिव्हरपूल. हे लिहिताना माझे हात जड झालेत, पण खोटं कशाला सांगू. एक सावधगिरी: २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनीही तिजोरी उपडी केली, विर्ट्झसाठी १० कोटी आणि वर बोनस, इसाकसाठी साडेबारा कोटी. शांतपणे एक-दोन खेळाडू घेणारा क्लब बघायला जाल आणि भलतंच दिसेल.

ट्रान्सफरच्या बातम्या हेच ज्यांचं मनोरंजन, त्यांच्यासाठी चेल्सी. वर्षात दोन विंडो, दोन्ही भरगच्च. जर्सीच्या पाठीवर नाव मात्र छापून घेऊ नका.

ब्रायटनचं नाव घेतलं म्हणून काहींना मोह होईल. कारभार तिन्हींपेक्षा चोख आहे, पण तुमचा लाडका खेळाडू दर उन्हाळ्यात विकला जाईल आणि तो बहुधा चेल्सीतच दिसेल. आर्सेनलबद्दल थोडक्यात: आर्टेटा २०१९ च्या डिसेंबरात आला, दोन वेळा आठवा आला तरी त्याला ठेवला, आणि २०२३ ते २०२५ तिन्ही वर्षं दुसरा नंबर. युनायटेडने त्याला पहिल्याच आठव्या नंबरावर नारळ दिला असता.

आणि युनायटेड? नव्याने धरू नका. आधीच धरलेलं असेल तर सोडा म्हणून मी सांगणार नाही. इतकी वर्षं काढलीत, आता पदरी पडलं पवित्र झालं. पुढची खरेदी झाली की किंमत बघू नका. आता असलेला मॅनेजर उद्या गेला तर हा खेळाडू पुढच्याला चालेल का, एवढंच बघा. उत्तर ‘हो’ आलं तर कुठेतरी काहीतरी बदललं आहे. शिवाय २०२५-२६ मध्ये युनायटेड युरोपातल्या स्पर्धांत कुठेच नव्हतं, त्यामुळे मधल्या वारी रात्री दीड वाजता सुरू होणाऱ्या सामन्यांसाठी जागरण नव्हतं. ऑफिसला वेळेवर पोहोचायचं असेल तर त्या मोसमात याबाबतीत आमचा क्लब चेल्सी आणि लिव्हरपूलच्या पुढे होता.