थोनबुरीतली एक खाणावळ आणि तिथले थाई जेवण

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर, थोनबुरीतल्या कुडी चीन वस्तीजवळ, एक कुटुंब आठ टेबलांची खाणावळ चालवते. तिथे आम्ही दोघे दुपारी जेवलो. चारही पदार्थ एकदमच समोर आले आणि ते योग्यच होते. पारंपरिक थाई जेवणात आधी सूप, नंतर मुख्य पदार्थ असा क्रम नसतो. सगळे मध्यभागी मांडायचे आणि प्रत्येकाने आपल्या भातावर एका वेळी एखादाच चमचा वाढून घ्यायचा. त्यामुळे तिखट, आंबट, खारट आणि गोड यांचा तोल एकेका वाडग्यापेक्षा साऱ्या मांडणीत शोधावा लागतो.

इथला सर्वांत मोलाचा पदार्थ दिसायला सर्वांत साधा आहे, तो म्हणजे नाम फ्रिक कापी. मीठ घालून आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, लसूण आणि मिरची खलबत्त्यात कुटून त्यात लिंबाचा रस व ताडगूळ मिसळतात आणि सोबत कच्च्या-उकडलेल्या भाज्या व तळलेला प्ला थू नावाचा लहान मासा देतात. पहिल्या घासाला वास उग्र वाटतो, पण भाताबरोबर त्याची खोल, खारट चव उलगडत जाते. आज या पदार्थाची ओळख असलेली मिरची मात्र बाहेरून आलेली आहे. पोर्तुगीज 1511 मध्ये अयुथ्येला, म्हणजे तेव्हाच्या सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजधानीला, पोहोचले आणि मिरची त्यांच्याच व्यापारातून इकडे रुजली, असे मानले जाते. त्याआधी तिखटपणा मुख्यतः मिऱ्याचा होता. मिरचीला 'फ्रिक' हे नाव मिळाल्यावर मिऱ्याला 'फ्रिक थाई' म्हणू लागले, आणि तो इतिहास या दोन शब्दांत अजून टिकून आहे.

केंग खिआओ वान, म्हणजे हिरवी करी, इथे निष्ठेने करतात. कुलंजन, गवती चहा, कोथिंबिरीची मुळे, मक्रुट लिंबाची साल आणि हिरव्या मिरच्या कुटून केलेले वाटण नारळाच्या दाट दुधात तेल सुटेपर्यंत परततात. रश्श्यावर तरंगणारा तो हिरवट तवंग पाहिला की दाटपणासाठी पीठ लावलेले नाही याची खात्री पटते. चिंचेच्या आंबटपणावर उभी असलेली, माशाची केंग सोमही उत्तम होती. तिच्यात नारळाचे दूध अजिबात नसते; थाई करी म्हणजे नारळाचे दूध, असा समज असलेल्यांनी ती अवश्य मागवावी.

मस्समान करीने मात्र निराशा केली. दालचिनी, वेलची, लवंग आणि जिरे हे मुस्लिम व्यापाऱ्यांच्या संपर्कातून आलेले मसाले हाच तिचा प्राण आहे आणि थायलंडचा राजा दुसरा राम याच्या नावावर असलेल्या काव्यात जिऱ्याच्या वासासह तिचे कौतुक आले आहे. इथे मसाले नीट भाजलेले नव्हते आणि गोडवा इतका होता की चिंच लागतच नव्हती. परदेशी पाहुण्यांसाठी गोडी वाढवली असेल, तर ती तडजोड मला मान्य नाही. ज्या स्वयंपाकघरात नाम फ्रिक इतक्या आत्मविश्वासाने वाढतात, त्याला तिची गरज नाही.

शेवटी फॉय थोंग घेतले, म्हणजे साखरेच्या पाकात सोडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सोनेरी धागे. पोर्तुगीज वळणाच्या या मिठाया अयुथ्येत राजा नाराय याच्या काळात रुळल्या आणि त्यांचे श्रेय परंपरेने तिथल्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या, पोर्तुगीज-जपानी वंशाच्या मारिया गुयोमार द पिन्हा हिला दिले जाते. अयुथ्या 1767 मध्ये पडल्यावर पोर्तुगीज वंशाची काही कुटुंबे याच कुडी चीन परिसरात स्थायिक झाली, त्यामुळे ही मिठाई इथे खाण्याला वेगळा अर्थ आहे. धागे बारीक, ओलसर आणि माफक गोड होते.

दोघांचे बिल 720 बात झाले आणि ते मला रास्त वाटले. नाम फ्रिक दुपारी लवकर संपते, म्हणून बाराच्या आत पोहोचावे, आणि मस्समानऐवजी केंग सोम मागवावी.