पिल्लू आणावे की निवाऱ्यातील वयस्क कुत्रा?

पिल्लू आणले, की 16 आठवड्यांचे होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी लशीचे डोस द्यावे लागतात आणि 42 पक्के दात येईपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या महिन्यापर्यंत, चपलांचे पट्टे व टेबलाचे पाय कुरतडले जातात. शिवाय त्याच्या भावी स्वभावाचा केवळ अंदाजच बांधता येतो. निवाऱ्यातील 8-9 वर्षांच्या कुत्र्याचा आकार व चालचलणूक मात्र समोरच दिसते, आणि तो मुलांशी, मांजरांशी कसा वागतो हे तेथील कर्मचारी बहुधा सांगू शकतात. सांधेदुखी, दातांचे विकार आणि मोतीबिंदू यांचा खर्च गृहीत धरून त्याला वर्षातून दोनदा पशुवैद्याकडे न्यावे, हे खरे. तरीही जिन्याच्या मधल्या पायरीवर दम खात थांबणारा असा म्हातारा सोबती, निदान नोकरदारांच्या घराला, मला अधिक सोयीचा वाटतो.