शिलाई मशीन मुलांसोबत वापरताना: सगळा प्रश्न पेडलचा

विजेच्या घरगुती शिलाई मशीनचे पेडल हमीत येत नाही, ही गोष्ट कंपनीने खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. हमीपत्राच्या मागच्या बाजूला सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), दिवा आणि बेल्ट यांच्या ओळीत तिने पेडलही बसवले आहे आणि त्या ओळीवरूनच आमचे त्या कंपनीशी वाजले. दोन वर्षांच्या हमीचे मशीन पेडल बिघडल्यामुळे सहा महिन्यांच्या आत निकामी होते आणि कंपनी मात्र मशीन उत्तम स्थितीत असल्याचे लेखी कळवते, हा प्रकार संतापजनक आहे. हा मजकूर मी त्या संतापातच लिहायला घेतला होता. नंतर जे घडले त्याने माझे मत काही अंशी बदलले, तरी आधीचा भाग मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

मशीन नेहमीचेच आहे: सात टाके, झिगझॅग, चार टप्प्यांतले काज, समोरून बसणारी बॉबिन आणि सुमारे सहा किलो वजन. गेल्या गणपतीच्या आधी ते चौदा हजारांच्या आसपास पडले. या किमतीची मशीने सर्वांच्या पाहण्यातली असल्यामुळे बाकीचे वर्णन करत नाही.

आमच्या घरी सासूबाईंचे काळे हातमशीन आहे आणि ते आजही सुरळीत चालते. आठ वर्षांच्या मुलीची शिवणाची सुरुवात त्यावरच झाली. हातमशीनचे हँडल एकदा फिरवले की सुई तीनदा खाली येते, म्हणजे तीन टाके पडतात. मूल थांबले की मशीन थांबते, त्यामुळे शिकण्यासाठी याहून सुरक्षित साधन सापडणे कठीण आहे. अडचण इतकीच, की उजवा हात हँडलवर अडकतो आणि कापड एकट्या डाव्या हाताने सरळ धरणे लहान मुलाला जमत नाही. त्यावर आम्ही एकाने हँडल फिरवायचे आणि दुसऱ्याने कापड धरायचे अशी वाटणी केली. परंतु पाच वर्षांचा मुलगा हँडल इतक्या उत्साहाने फिरवत असे की ताईची टीप कापडाबाहेर जाई आणि पुढचा सगळा वेळ भांडण सोडवण्यात जाई. दोन्ही हात कापडावर ठेवता यावेत, एवढ्याच कारणासाठी विजेचे मशीन घेतले.

येथेच पेडलचा विषय सुरू होतो. माहितीपत्रकात या मशीनचा कमाल वेग मिनिटाला 860 टाके असा दिला आहे आणि दुकानदाराने तो मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. हिशेब केला तर हे सेकंदाला चौदा टाके होतात. व्यावसायिक शिंप्याला हा वेग कमीच वाटेल, मात्र बाहुलीचा झगा शिवणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिला सेकंदाला दोन टाके पुरतात, आणि तेवढेच टाके मिळण्याची सोय या मशीनवर नाही. काही महागड्या मशीनवर वेगाची मर्यादा आधीच ठरवून देणारी सरकपट्टी असते. येथे सारे काही पायाच्या दाबावर सोडलेले आहे. मशीनसोबत आलेले पेडल तर जुन्या गंजलेल्या नळासारखे वागत असे: बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम धार. त्यात घाबरलेले मूल पाय उचलत नाही, उलट जास्त दाबते, आणि याचा विचार पेडल बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही.

त्यावर घरच्या घरी एक उपाय केला. पेडलचा वरचा भाग जेथे खाली दबतो, तेथे सुताराकडून आणलेली लाकडाची पातळ चीप बसवली, म्हणजे ते अर्ध्याहून अधिक दाबलेच जाऊ नये. मुलीचा पाय जमिनीला टेकत नसल्यामुळे पेडल एका पक्क्या लाकडी पाटावर ठेवले आणि पाटाखाली रबरी चटई घातली, कारण गुळगुळीत फरशीवर पेडल दर चार टाक्यांनी पुढे सरकते. दोरा न ओवता वहीच्या आखीव कागदावर टीप मारण्याचा सराव शिवणवर्गांत पूर्वापार करून घेतात, तोच आम्हीही करून घेतला. सुईने पडलेली भोके रेघेवर आहेत की नाहीत हे मुलाला स्वतःला दिसते आणि कोणाला ओरडावे लागत नाही. कागदाने सुई लवकर बोथट होते, म्हणून या कामासाठी जुनी सुई वेगळी ठेवावी. चपट्या पाठीची नेहमीची घरगुती सुई आमच्या काळ्या मशीनला आणि या मशीनला सारखीच चालते, त्यामुळे 14 आणि 16 नंबरची एकेक पाकिटे आणली की दोन्हींचे भागते.

मशीनच्या उरलेल्या भागाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. कापडाखाली दोऱ्याचे जाळे होते म्हणून अनेक जण बॉबिनला दोष देताना दिसतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, खाली असताना दोरा ओवला तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. ओवताना फूट वर आणि मशीनचा प्लग बाहेर, हे दोन नियम मुलीला तोंडपाठ करवले. मशीनच्या बाजूचे हाताने फिरवायचे चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचे, हा तिसरा. टाक्याची लांबी आम्ही 4 वर ठेवतो आणि दोरा कापडाच्या विरुद्ध रंगाचा घेतो. टाका लांब असला की उसवणे सोपे जाते, आणि शिकण्याच्या काळात शिवण्याइतकेच उसवणेही होते.

कापडावर मात्र एक पैसाही खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे. मुलांसाठी कापडाचे तयार चौकोन आणि दोरे घातलेले रंगीत संच हल्ली बरेच मिळतात. त्यांच्या किमतीत रविवार पेठेतून कितीतरी मीटर मांजरपाट येतो. तो आधी धुऊन घ्यावा, म्हणजे खळ निघून जाते, कापड आटायचे तेवढे आटते आणि नंतर पिशवी वाकडी होत नाही. त्याहूनही चांगले कापड म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे. ते सुईखाली सरळ जाते, बोटांना धरवते आणि फुकट असते. खणाचे तुकडे दिसायला सुंदर असले तरी कडेने भराभर सुटतात. त्यांना आधी झिगझॅग मारून घ्यावे लागते आणि सात टाक्यांपैकी सरळ टीप सोडली तर खरा उपयोग त्या एकाच टाक्याचा होतो. उरलेल्या पाच टाक्यांचे पैसे कशासाठी दिले, हे मला अद्याप उमगलेले नाही.

धाकट्याला मशीनवर बसवले नाही आणि एवढ्यात बसवणारही नाही. त्याच्यासाठी मॅटीचे कापड आणि बोथट टोकाची जाड सुई पुरेशी आहे; जाळीदार विणीमुळे धावदोरा आपोआप सरळ येतो आणि सुई बोटाला टोचत नाही. ताई कापडाच्या छोट्या थैल्या तीन बाजूंनी शिवते, तो त्यांत चिंचोके भरतो आणि चौथी बाजू मी हाताने बंद करते. चिंध्यांच्या बाहुलीला डोळे मात्र बटणांचे लावू नयेत. बटण सैल होऊन निघाले तर लहान मूल ते तोंडात घालते, म्हणून आम्ही काळ्या दोऱ्याने डोळे भरतो.

आता बिघाडाविषयी. संक्रांतीसाठी हळदीकुंकवाच्या वाणाचे बटवे शिवायला घेतले होते. मुलगी खुर्चीवर बसायची होती, पेडलवर कोणाचाही पाय नव्हता, आणि भिंतीवरचे बटण दाबताक्षणी मशीन पूर्ण वेगाने धावू लागले. बटण लगेच बंद केले. सुईखाली कापड होते, बोट नव्हते. पुन्हा लावून पाहिले तर तोच प्रकार. कंपनीच्या मदत क्रमांकावर सांगितले, तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने पेडलला हमी लागू नसल्याचे वाचून दाखवले आणि नवे पेडल 1,800 रुपयांना मिळेल असे कळवले. पाय न लावता सुई धावते ही सुरक्षिततेची बाब आहे, झिजणाऱ्या सुट्या भागाची नाही, असे मी फोनवर सांगितले, लेखी कळवले आणि पुन्हा फोनवर सांगितले. प्रत्येक वेळी तीच ओळ वाचून दाखवण्यात आली.

शेवटी पेडल पिशवीत घालून पेठेतल्या एका जुन्या मशीन दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. त्यांनी चार स्क्रू काढून पेडल उघडले आणि वेग कमी-जास्त करणारा ट्रायॅक नावाचा भाग जळून आतल्या आत जोडला गेल्याचे दाखवले. तो असा जोडला गेला की पायाच्या दाबाला काही अर्थ उरत नाही, विजेचा पूर्ण प्रवाह थेट मोटरला मिळतो आणि मशीन पूर्ण वेगाने धावते. त्यांनी तो भाग बदलला आणि 350 रुपये घेतले. “ताई, हे आधीपासूनच हलके होते,” एवढेच ते म्हणाले.

येथपर्यंतचा मजकूर जानेवारीतला आहे आणि तेव्हा मी या मशीनला पाचपैकी एकच तारा दिला होता. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून ठेवली होती. त्यानंतर काही आठवड्यांनी कंपनीकडून स्वतःहून फोन आला, बोलण्यात अचानक मार्दव आले होते, आणि नवे पेडल विनामूल्य घरी पोचले. हे पेडल वेगळ्या घडणीचे आहे. तळाला रबर असल्यामुळे ते फरशीवर सरकत नाही आणि सुरुवातीच्या हलक्या दाबावर सुई खरोखर एकेक टाका घेते. लाकडी चीप काढून टाकली. मुलीने उशीच्या अभ्र्याची संपूर्ण दुमड एकटीने, कोपऱ्यावर सुई कापडात रोवून, प्रेसर फूट उचलून आणि कापड वळवून पूर्ण केली. तेच मशीन, तीच मोटर, तीच मुलगी. बदलले ते फक्त पेडल.

त्यामुळे मशीनबद्दलचे मत मी बदलले आहे, कंपनीबद्दलचे नाही. चांगले पेडल तिच्याकडे उपलब्ध असताना खोक्यात वाईट पेडल का घातले जाते, याचे उत्तर विचारूनही मिळालेले नाही. घरात लहान मुले असतील आणि हे मशीन घ्यायचे असेल, तर दुकानात टाक्यांचे नमुने पाहत बसू नये. सुईत दोरा नसताना पेडलवर अंगठ्याने हलका दाब द्यावा आणि सुई एका वेळी एकच टाका घेऊन थांबते का, ते पाहावे. थांबत नसेल तर दुसरे खोके उघडायला सांगावे. केवळ सरळ टीपच मारायची असेल आणि घरात चालते हातमशीन असेल, तर चौदा हजार वाचवावेत.

सध्या तीन तारे देत आहे. दुरुस्तीचे 350 रुपये परत मिळावेत म्हणून काकांच्या पावतीसह पाठवलेले पत्र कंपनीने “अधिकृत केंद्राबाहेरील दुरुस्ती” या कारणाने फेटाळले आहे. त्यावर दुसरे पत्र गेले आहे, आणि ते पैसे आले तर चौथा तारा देईन.