बंद पेटी की पोर्टवाली? दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब

छोट्या खोलीसाठी बुकशेल्फ स्पीकर घेताना आधी पेटी बघा (पूर्ण बंद, की हवेसाठी भोक म्हणजे पोर्ट असलेली), ब्रँड नंतर. पोर्टवाल्याचा बास दुकानात भरदार वाटतो, पण पोर्टच्या ट्यूनिंगखाली (पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिच्याखाली) तो दर सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो. बंद पेटीत 12 नेच. शिवाय ट्यूनिंगखाली कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही. व्हॉल्यूम चढवला की तो नुसताच हिंदकळतो.

खरी गोची खोलीची. 12 फूट लांबीचा पहिला अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) 47 हर्ट्झच्या आसपास येतो. पोर्टही तिथेच ट्यून केलेला आणि स्पीकर भिंतीला टेकलेला असेल, तर बास गिटारचा 46 हर्ट्झचा एफ शार्प घुमत राहतो, शेजारचे सूर मात्र बेताचेच. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा. जागा नसेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा (गुंडाळलेला मोजाही चालतो!) कोंबा. बास उतरेल, पण आटोपशीर होईल.

बंद पेटीला वॅट जास्त लागतात. बीबीसीचा एलएस 3/5 ए हा छोटा बंद पेटीचा स्पीकर संवेदनशीलतेत (ठरावीक पॉवरला किती आवाज देतो त्यात) जेमतेम 82-83 डेसिबलचा. 88 वाल्याइतका आवाज हवा तर जवळपास चौपट पॉवर मोजा. तरीही भिंतीलगतच ठेवायचे असतील तर आमचं मत बंद पेटीलाच.